मरणारा मोठा असावा लागतो

मंडळी, आजचा विषय बघून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना हसू येईल. पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेल्या, स्वतःला सायकलही धड न येणाऱ्या बाई, आणि लिहायला बसल्या आहेत मोटारींच्या शर्यतीवर! हसा खुशाल. पण शेवटपर्यंत वाचा, कारण हा विषय मोटारींचा वाटतो तितका नाही.

माझी लेक नॉर्थ कॅरोलिनात शार्लटजवळ राहते. गेल्या खेपेला तिच्याकडे गेले होते तेव्हा नातवाने मला कन्नापोलिस नावाच्या गावी नेलं. कापडगिरण्यांचं गाव. म्हणजे एके काळी होतं, आता आपल्या गिरणगावासारखंच तिथेही भोंगे बंद झाले. गावाच्या मध्यावर एका माणसाचा नऊ फुटी पुतळा. हाताची घडी घातलेली, मिशी भरघोस, अंगात साधी जीनची पॅन्ट. मला वाटलं कुणी गिरणीमालक असेल. नातू म्हणाला, "आजी, हा डेल अर्नहार्ट. गाड्या पळवायचा. नववीत शाळा सोडली होती याने." शेवटचं वाक्य त्याने मुद्दाम सांगितलं, मला चिडवायला.

मग घरी येऊन त्याने मला ती शर्यत दाखवली. १८ फेब्रुवारी २००१, फ्लोरिडा, डेटोना ५००. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही.

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही (म्हणजे वर्षभरापूर्वीची मी) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात विकत मिळणारी गाडी. तीच घेऊन शर्यत लावायची, अशी १९४८ साली नॅस्कार ही संस्था निघाली तेव्हाची कल्पना. आता ती गाडी फक्त दिसायला तशी. आतून सगळी शर्यतीसाठी बांधलेली. आपल्याकडे मोसमाचा शेवट मोठ्या सामन्याने होतो. यांच्याकडे उलटं. १९८२ पासून वर्षाची सुरुवातच सगळ्यात मोठ्या शर्यतीने होते, ती ही डेटोना ५००. अडीच मैलांचा रस्ता, २०० फेऱ्या, ५०० मैल. वळणावर रस्ता ३१ अंशांनी कललेला. माणसाला नीट चढून जाता येणार नाही अशा उतारावर हे लोक ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने एकमेकांना चिकटून धावतात.

त्या वर्षीची शर्यत विशेष होती. दूरचित्रवाणीचा नवा मोठा करार झाला होता आणि फॉक्स वाहिनीवरची ही पहिली डेटोना ५००. आदल्या वर्षीची डेटोना ५०० फारच रटाळ झाली होती, आघाडी अवघी नऊ वेळा बदलली होती. मग गाड्यांच्या छपरावर पट्टी वगैरे लावून हवेचा असा काही हिशेब बसवला की गाड्या झुंडीनेच धावाव्यात. २००१ साली आघाडी ४९ वेळा बदलली. लोक खूश. रटाळपणावर उपाय एका वर्षात निघाला होता, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

१७३ व्या फेरीला मोठा अपघात झाला. टोनी स्टुअर्टची गाडी हवेत उडाली, कोलांट्या खाल्ल्या, दुसऱ्या गाड्यांवरून गेली. दीड डझन गाड्या एकमेकींवर आदळल्या. मी तोंडावर हात धरला. नातू म्हणाला, "काही नाही झालं त्याला आजी, वाचला तो." आणि खरंच, खांदा दुखावण्यापलीकडे फारसं काही झालं नाही. शर्यत थांबवून रस्ता साफ केला आणि पुन्हा सुरू केली.

शेवटच्या फेऱ्यांत सगळ्यात पुढे मायकेल वॉल्ट्रिप. या माणसाने तोवर ४६२ शर्यती केल्या होत्या आणि एकही जिंकली नव्हती. दुसरा डेल अर्नहार्टचा मुलगा, धाकटा डेल. या दोघांच्या गाड्या अर्नहार्टच्याच मालकीच्या संघाच्या. आणि तिसरा स्वतः अर्नहार्ट, आपली काळी तीन नंबरची गाडी घेऊन. सात वेळचा विजेता, वय ४९, लोकांनी टोपणनाव ठेवलेलं धाक घालणारा. आयुष्यभर पुढच्याला धक्का देऊन वाट काढणारा हा माणूस त्या दिवशी तिसऱ्या जागेवर राहून मागच्यांना अडवत होता, पोराला आणि मित्राला पुढे जाऊ देत होता. निदान बघणाऱ्या सगळ्यांना तरी तसंच दिसलं.

शेवटच्या फेरीचं शेवटचं वळण. स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा किंचित स्पर्श झाला, काळी गाडी डावीकडे खाली घसरली, मग एकदम उजवीकडे वळून वर चढली, केन श्रेडरची गाडी तिच्या कुशीत शिरली आणि दोघी भिंतीवर गेल्या. मग सावकाश घसरत खालच्या गवतावर येऊन थांबल्या. बस्स. ना कोलांटी, ना आग. तिकडे वॉल्ट्रिप जिंकला होता आणि त्याचा थोरला भाऊ डॅरेल समालोचकाच्या खुर्चीत बसून आनंदाने रडत होता. रडता रडताच तो विचारत होता, डेल ठीक आहे ना?

श्रेडर आपल्या गाडीतून उतरला, काळ्या गाडीपाशी गेला, खिडकीची जाळी काढून आत डोकावला आणि लगेच मागे सरून डॉक्टरांना हात करू लागला. संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष माइक हेल्टन यांनी पत्रकारांसमोर येऊन सांगितलं की डेल अर्नहार्ट आपल्यात राहिला नाही.

नातवाने मला विचारलं, "आजी, तुला वाटलं होतं का गं यात कोणी मरेल?" नव्हतं वाटलं. जो उडाला तो वाचला आणि ज्याची गाडी नुसती भिंतीला लागली तो गेला. कोलांट्या खाताना गाडीचा जोर तुकड्या-तुकड्यांनी खर्च होतो. भिंतीवर नाकाने आदळलं की तो एका क्षणात संपतो. पुढे चौकशी अहवालात आलं की त्या गाडीचा ताशी चाळीसहून जास्त मैलांचा वेग सेकंदाच्या आठ शतांश भागात बदलला. गाडी थांबते. पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं धड थांबतं. डोकं मात्र, आणि त्यावरचं जड शिरस्त्राण, कशालाच बांधलेलं नसतं. ते पुढे जात राहतं. मग कवटीचा तळ, जिथे ती मानेवर टेकते तिथेच फुटतो.

आता माझ्या भांडणाकडे येते.

ज्यांनी ही शर्यत पाहिली त्यातले पुष्कळ जण आजही दोनच गोष्टी बोलतात. एक, "मर्दासारखा गेला, त्याला आवडणारं काम करता करता गेला." आणि दोन, "नशीब." या दोन्ही वाक्यांचा मला मनापासून राग येतो. कारण तो नशिबाने गेला नाही. कशाने जातात हे ठाऊक असताना, ते टाळण्याचं साधन बाजारात मिळत असताना गेला.

हे साधन म्हणजे हान्स. मिशिगन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग या दोघांनी १९८० च्या दशकात ते तयार केलं. त्यांचा एक ओळखीचा शर्यतपटू असाच डोक्याच्या दुखापतीने गेला होता, त्यावरून सुचलेली ही गोष्ट. खांद्यावर बैलाच्या जोखडासारखी एक कडक कॉलर बसते, सुरक्षापट्ट्यांखाली दाबली जाते आणि तिला दोन छोट्या दोऱ्यांनी शिरस्त्राण बांधलेलं असतं. धड थांबलं की डोकंही थांबतं. इतकंच. म्हणजे २००१ साली हे साधन नवीन नव्हतं, माझ्या शाळेतल्या एका पिढीने दहावी ओलांडावी इतकं जुनं होतं. त्या दिवशी डेटोनाच्या ४३ शर्यतपटूंपैकी ते घातलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. अर्नहार्टला ते मुळीच पसंत नव्हतं. तो तर चेहरा उघडा राहणारं जुन्या पद्धतीचं शिरस्त्राण घालायचा.

बरं, आधी कोणी गेलं नव्हतं असंही नाही. १२ मे २००० रोजी न्यू हॅम्पशायरला ॲडम पेटी गेला. वय १९. आठ आठवड्यांनी, ७ जुलैला, त्याच मैदानावर केनी अर्विन गेला. ऑक्टोबरमध्ये टेक्ससला टोनी रोपर गेला. तिघेही डोकं आणि मान यांच्या दुखापतीने. मग काय केलं? गाडीचा प्रवेगक अडकला असावा म्हणून चाकावर इंजिन बंद करायचं बटण बसवलं. सप्टेंबरात त्या मैदानावर इंजिनाचा जोर कमी करणारी चकती लावली. मानेचं काय? मानेच्या बाबतीत "ज्याची त्याची मर्जी". शर्यत रटाळ झाली तर वर्षात उपाय निघतो आणि तीन पोरं गेली तर मर्जी.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी टाळणार नाही. जाणत्या माणसाने आपल्या जिवाची जोखीम स्वतः ठरवावी, हा विचार हलका नाही. त्या कॉलरने मान वळत नाही, आग लागली तर बाहेर पडायला वेळ लागेल, ही भीतीही खोटी नव्हती. जळून मेलेले मित्र त्या लोकांनी पाहिले होते. पण मर्जी ही गोष्ट फसवी असते. ज्या मैदानावर सगळ्यात मोठा माणूस उघड्या चेहऱ्याने बसतो, तिथे एकोणीस वर्षांचा पोरगा कॉलर घालून जाईल का? वर्गात दादा पोरगा स्वेटर घालत नाही म्हणून थंडीत कुडकुडणारी पोरं मी पस्तीस वर्षं पाहिली आहेत. नियम दुबळ्यांसाठी असतो असं आपण म्हणतो. तो खरं तर लाजणाऱ्यांसाठी असतो. "मला हवं म्हणून नाही, सरांनी सांगितलंय म्हणून घातलं" एवढं म्हणायची सोय त्याने होते.

मृत्यूनंतर काय झालं तेही ऐका. आधी गुन्हेगार शोधला. मार्लिनला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. शेवटी धाकट्या डेललाच सांगावं लागलं की त्याचा दोष नाही. मग पाच दिवसांनी सांगण्यात आलं की कमरेचा पट्टा तुटलेला आढळला. झालं, पट्टे बनवणारे बिल सिम्पसन यांच्यामागे लोक लागले. त्यांनाही धमक्या, आणि त्याच वर्षी त्यांनी स्वतःच उभी केलेली कंपनी सोडली. न्यायालयाच्या मध्यस्थीने नेमलेले ड्यूक विद्यापीठाचे तज्ज्ञ बॅरी मायर्स यांनी सांगितलं की पट्टा शाबूत असता तरी डोकं मोकळं असल्याने हेच झालं असतं. ऑगस्टमध्ये संस्थेचा मोठा अहवाल आला, त्यात पट्ट्यासकट अनेक कारणं एकत्र आल्याचं म्हटलं. तज्ज्ञांचा वाद तज्ज्ञांपाशी. मला दिसतं ते एवढंच की एखादा मार्लिन, एखादा सिम्पसन सापडला की बाकीचे सगळे मोकळे होतात.

तोवर शर्यतपटू मात्र शहाणे झाले होते. ऑगस्टपर्यंत जवळजवळ सगळ्यांनी कुणी न सांगता ते साधन घालायला सुरुवात केली होती. तरी सक्ती नव्हतीच! ४ ऑक्टोबर २००१ रोजी शार्लटला दुसऱ्या एका संस्थेच्या शर्यतीत ब्लेझ अलेक्झांडर हा पंचवीस वर्षांचा मुलगा तसाच गेला. ज्याच्याशी त्याची टक्कर झाली तो केरी अर्नहार्ट, डेलचाच थोरला मुलगा. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत नॅस्कारने सक्ती केली. पुढच्या वर्षी, २००२ च्या मे महिन्यात इंडियानापोलिसला धक्का शोषणाऱ्या भिंती आल्या. नेब्रास्का विद्यापीठातल्या डीन सिकिंग यांच्या चमूचं ते काम. पोलादी नळ्या आणि मागे फोमचे ठोकळे. हळूहळू त्या सगळीकडे बसल्या.

परिणाम? नॅस्कारच्या तिन्ही मोठ्या मालिकांत हे लिहीपर्यंत शर्यतीत एकही शर्यतपटू दगावलेला नाही. १७ फेब्रुवारी २०२० ला त्याच डेटोना ५०० मध्ये, त्याच शेवटच्या फेरीत रायन न्यूमनची गाडी भिंतीवर गेली, उलटली आणि मागून येणारी गाडी थेट त्याच्या बाजूवर आदळली. अर्नहार्टच्या अपघातापेक्षा शंभर पटींनी भयंकर दिसणारा अपघात. तिसऱ्या दिवशी तो दोन मुलींचे हात धरून चालत इस्पितळाबाहेर आला. तो फोटो नातवाने मला दाखवला. त्या दोन पोरी बघून मला कोण आठवलं असेल? ॲडम पेटी. त्याची आई.

तुम्ही म्हणाल, बाई, अमेरिकेतल्या मोटारी, आपल्याला काय त्याचं?

मग माझ्या शाळेची गोष्ट सांगते. नाव लिहीत नाही. १९८० च्या दशकात आमच्या क्रीडांगणावर लांब उडीचा हौद होता. वाळू वर्षानुवर्षं बदललेली नव्हती, दगडासारखी घट्ट झाली होती. एका वर्षी सातवीतल्या एका मुलाचा घोटा मोडला. आई शेतमजूर. घरच्या घरी बांधलं, हाड वाकडं जुळलं, मुलगा कायमचा लंगडा झाला. त्याची वर्गशिक्षिका मी होते. नोंदवहीत शेरा मीच लिहिला, "खेळताना झालेली किरकोळ दुखापत". पुढच्या वर्षी एका मुलीचा गुडघा गेला. तेव्हाही शिक्षकांच्या खोलीत आम्ही म्हणालो, खेळात लागायचंच. तिसऱ्या वर्षी संस्थेच्या एका विश्वस्तांच्या नातवाचा हात मोडला. आठ दिवसांत वाळूचा ट्रॅक्टर आला! हौद खणला, नवी वाळू पडली, दर महिन्याला ती उकरायची असा लेखी नियम झाला आणि त्याखाली आम्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

मी सही केली तेव्हा हात थरथरला वगैरे काही नाही. तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की चला, एकदाची वाळू आली. वाटलं ते आता, सत्तरी ओलांडल्यावर, परक्या देशातली एक मोटार भिंतीवर जाताना बघून. तो मुलगा आज पन्नाशीचा असेल. लंगडतच असेल.

म्हणून मी म्हणते, नियम करायला आपल्याकडे मरणारा मोठा असावा लागतो. आणि अमेरिकेचं उदाहरण बघितलं की त्याहून वाईट कळतं. तो मोठा असूनही पुरत नाही! ॲडम पेटी काही लहान घरातला नव्हता, सात वेळच्या विजेत्या रिचर्ड पेटीचा नातू होता. अर्नहार्ट तर राजाच. तरी आठ महिने गेले आणि वर आणखी एक पोरगा गेला.

माझा भाचा पुण्यात असतो. हेल्मेट त्याच्याकडे आहे, दुचाकीच्या आरशाला लटकवलेलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ आहे १९८८ पासून. पण २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी सक्ती केली तेव्हा पुण्यात मोर्चे निघाले. भाचा मला सांगतो, "मावशी, हेल्मेटने मानेला झटका बसतो, माहितीय का तुला?" आता मला माहितीय बाबा! दुचाकीवर तसं होतं की नाही ते डॉक्टरांना विचार. पण शर्यतीच्या मोटारीत शिरस्त्राणाच्या वजनाने डोकं जास्त खेचलं जातं हे खरं आहे. हबर्ड आणि डाउनिंग यांनी त्यावर काय केलं? शिरस्त्राण काढून आरशाला लटकवलं नाही. ते खांद्याला बांधलं. अर्धवट खऱ्या गोष्टीचा उपयोग माणूस दोन प्रकारे करू शकतो, साधन सुधारायला किंवा साधन टाळायला. दुसरं सोपं असतं आणि त्याला स्वातंत्र्य असं नावही देता येतं.

तुमच्यापैकी कुणी शाळेत असाल, कारखान्यात असाल, सोसायटीच्या समितीवर असाल. तुमच्याकडेही एक हौद असेलच. कठडा नसलेली गच्ची, उघडी वायर, लिफ्टचं न लागणारं दार. तिथे आधी कुणाला तरी लागलं असेल आणि कुणीतरी वहीत "किरकोळ" लिहिलं असेल. ती वही काढा. एखादा मोठा माणूस पडेपर्यंत थांबू नका.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तू कधीपासून गाड्यांच्या शर्यती बघायला लागलीस?" आणि हसला. हसू दे. पुढच्या महिन्यात त्याच्याकडे जायचं आहे. तो मला स्टेशनवर घ्यायला दुचाकी घेऊन येतो म्हणालाय. मी सांगितलंय, दोन हेल्मेट आण. नाहीतर मी रिक्षाने येईन.